पुराव्याआधीचा विश्वास : 'सेफ्टी नॉट गॅरंटीड'

१९९७ साली 'बॅकवुड्स होम मॅगझिन' या अमेरिकी नियतकालिकात छोट्या जाहिरातींच्या पानावरील रिकामी जागा भरण्यासाठी जॉन सिल्व्हेरा यांनी काही ओळी लिहून दिल्या. भूतकाळात जाण्यासाठी सोबती हवा आहे, मोबदला परतल्यावर मिळेल, शस्त्रे ज्याची त्याने आणावीत, सुरक्षिततेची हमी नाही, असा त्यांचा आशय. मजकूर थट्टेचा होता. पण त्याला पत्रे आली, आणि त्यांतील काहींत मृत आप्ताला वाचवण्याची विनवणी होती. पत्रलेखकांना थट्टा ओळखता आली नाही असे म्हणणे सोपे आहे. ती ओळखण्याची त्यांची इच्छा नव्हती, ही शक्यता अधिक विचारार्ह ठरते.

कॉलिन ट्रेवरो यांचा २०१२ साली सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेलेला 'सेफ्टी नॉट गॅरंटीड' हा पहिला कथापट या दुसऱ्या शक्यतेवर उभा आहे. डेरेक कॉनॉली यांच्या पटकथेला त्याच महोत्सवात पुरस्कार मिळाला. सिअॅटलच्या एका मासिकातील जेफ हा लेखक डेरियस व अर्नाउ या दोन उमेदवारांना घेऊन जाहिरातदाराच्या शोधात समुद्रकाठच्या गावी येतो. जाहिरातदार केनेथ किराणा दुकानात नोकरी करतो. त्याच्यावर विनोदी लेख लिहायचा, एवढाच हेतू. डेरियस सोबतीण होण्याच्या मिषाने त्याच्याकडे जाते, आणि चित्रपटातील पहिली फसवणूक अशा रीतीने शहाण्यांच्या बाजूने घडते.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली अद्भुताची मीमांसा करताना वाचकाच्या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. घडले ते ज्ञात नियमांत बसते की नियमच निराळे आहेत, याचा निर्णय लांबणीवर असतो तोवरच त्यांच्या मते अद्भुत टिकते. या चित्रपटात संभ्रम आहे. मात्र त्याचा विषय निसर्गनियम नसून माणूस आहे. केनेथ भ्रमिष्ट, लबाड की खरोखरच संशोधक? रानातला नेमबाजीचा सराव हास्यास्पद वाटतो. पण तो प्रयोगशाळेतून लेसर चोरतो आणि सरकारी माणसे त्याच्या मागावर असतात, तेव्हा हसू थबकते. विज्ञानकथेची सामग्री इथे जवळजवळ नाहीच. सुमारे साडेसात लाख डॉलरांत ती परवडणारीही नव्हती. ही उणीव पथ्यावर पडली आहे, कारण यंत्र दृष्टीआड राहिल्यामुळे प्रेक्षकापाशी पारखण्यासाठी केनेथचा शब्द तेवढा उरतो.

त्या शब्दाची कसोटी बेलिंडाच्या प्रसंगात लागते. २००१ साली एक मोटार घरात घुसून ती मेली, तिला वाचवायचे आहे, असे केनेथ सांगत आलेला असतो. प्रत्यक्षात ती जिवंत निघते. शिवाय आपल्या तत्कालीन मित्राच्या घरात मोटार केनेथनेच घातली होती आणि कोणालाही इजा झाली नव्हती, असे ती सांगते. यावर केनेथचे उत्तर असे की, ती जिवंत आहे याचाच अर्थ आपला प्रवास यशस्वी होणार. तर्कदृष्ट्या हे विधान खोडता येत नाही. आणि नेमक्या याच कारणाने ते भ्रमाचे लक्षणही ठरू शकते. एकच वस्तुस्थिती पुरावा आणि खंडन अशी दोन्ही कामे करते. मार्क डुप्लास हे वाक्य कोणताही जोर न देता उच्चारतात, ऑब्री प्लाझा यांचा चेहरा काहीच ठरवू देत नाही. चित्रपटातील सर्वोत्तम क्षण हाच.

जेफचे उपकथानक याच सूत्राचे यंत्राविना झालेले रूप आहे. लेखाच्या निमित्ताने तो आपल्या तारुण्यातील प्रेयसीला शोधायला आला आहे. ती भेटतेही, पण त्याच्यासोबत सिअॅटलला येण्याचे नाकारते. अर्नाउच्या बाबतीत मात्र पटकथा आळशी वाटते. चष्मेवाला, अभ्यासू, बुजरा भारतीय विद्यार्थी हा अमेरिकी विनोदपटातला तयार साचा आहे. केनेथला साच्यातून सोडवण्यासाठी इतके श्रम घेणाऱ्या चित्रपटाला इथे तो साचा चालावा, हे खटकते. करण सोनी यांनी त्यात थोडे माणूसपण आणले, ते पटकथेच्या मदतीवाचून.

अखेरीस तळ्यावरच्या बोटीत यंत्र दिसते. डेरियस खोटेपणाची कबुली देऊन बोटीत चढते. आईच्या मृत्यूचा दोष ती स्वतःकडे घेत आली आहे, आणि आता प्रवास तिच्यासाठी व्हायचा असतो. यंत्र चालते असा कोणताही पुरावा या क्षणी तिच्यापाशी नाही. कथेचा निर्णय इथेच झालेला आहे. त्यानंतर जेफ, अर्नाउ आणि सरकारी माणसांच्या देखत बोट नाहीशी होते. तोदोरोव यांच्या परिभाषेत संभ्रम संपून चमत्काराचे राज्य सुरू होते, आणि बेलिंडाच्या प्रसंगातील दुहेरी अर्थाची धारही त्यासरशी बोथट होते. केनेथ खरा ठरल्यावर त्याने घरात घातलेल्या मोटारीबद्दल कोणी विचारत नाही. सुखात्मिकेला शेवटी मीलन लागते हे खरे; पण ते बोटीत पाऊल टाकताच घडून गेले होते. नाहीशी होणारी बोट किनाऱ्यावर उभ्या असलेल्या साशंकांसाठी आहे. डेरियसला तिची गरज नव्हती. ती दोघे कोणत्या साली पोचली, आई भेटली की नाही, हे चित्रपट दाखवत नाही. एवढी एक जागा त्याने मोकळी ठेवली आहे.