राहण्याचा अर्थ : भारतीय कादंबरीतील किनारा

समुद्रकाठच्या माणसाविषयी भारतीय भाषांत विपुल लिहिले गेले आहे. त्या लेखनाची समीक्षा मात्र 'समुद्राची ओढ' या एका शब्दप्रयोगावर गरजेपेक्षा अधिक विसंबून राहिली. लाटा उंबऱ्याशी येतात, वादळ छप्पर नेते, तरी माणसे तेथून हलत नाहीत. कारण विचारले की 'ओढ' हे उत्तर तयार असते. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. शिवाय ते सोयीचेही आहे. माणूस ओढीने राहतो असे एकदा ठरले की राहण्याची सारी जबाबदारी त्याच्या भावनेवर पडते, आणि ज्यांनी बांध घालायचा किंवा पर्यायी जमीन द्यायची ते मोकळे होतात. 1901 ते 2018 या काळात जगाच्या समुद्राची पातळी सरासरी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग उत्तरोत्तर वाढतो आहे. अशा वेळी किनाऱ्यावरील राहण्याचे जे चित्रण कादंबरीने केले, ते ओढीच्या पलीकडे जाऊन पुन्हा वाचणे अगत्याचे ठरते.

तकषी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' 1956 साली प्रसिद्ध झाली आणि 1957 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. करुत्तम्मा व परीकुट्टी यांची शोकांतिका म्हणून ती सर्वत्र वाचली गेली. रामू करियात यांच्या 1965 च्या चित्रपटाने तो संस्कार अधिक दृढ केला. परंतु या प्रेमकथेच्या तळाशी एक हिशेब सतत चालू आहे. चेंबनकुंजूला स्वतःची होडी आणि जाळे हवे असते. त्यासाठी तो परीकुट्टी या मासळीच्या व्यापाऱ्याकडून पैसा घेतो आणि तो परत करण्याची नियत हळूहळू हरवून बसतो. किनाऱ्यावरचा माणूस येथे निसर्गाशी जसा बांधलेला आहे तसाच ऋणाशीही. होडी, जाळे, उधारी, जातीने ठरवून दिलेले अधिकार आणि शेजाऱ्याचा धाक यांच्या एकत्रित गाठीला कादंबरीत 'किनारा' हे नाव आहे. यांतले काहीही पाठीवर घेऊन वीस मैल आत जाता येत नाही.

आलप्पुळाच्या या किनाऱ्यावरील एक नैसर्गिक घटना येथे विशेष अर्थपूर्ण आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगत चिखलाचे पट्टे तयार होतात, त्यांच्यामुळे लाटा शमतात आणि त्या निवळलेल्या पाण्यात मासळीची रेलचेल होते. स्थानिक लोक तिला चाकरा म्हणतात. जो पावसाळा एका ठिकाणी किनारा खातो तोच दुसऱ्या ठिकाणी वर्षाची भाकरी देतो. संकट आणि उपजीविका एकाच ऋतूत, एकाच दिशेने येतात. दुरून पाहणाऱ्याला त्यांतले संकट तेवढे दिसते. कोळ्याला दोन्ही दिसतात, आणि त्याला त्यांतले एक निवडता येत नाही.

'चेम्मीन'मधील कडलम्मा, म्हणजे सागरमाता, हे या राहण्याचे नैतिक अधिष्ठान आहे. नवरा समुद्रात असताना किनाऱ्यावरील स्त्रीने शील राखले तर तो सुखरूप परततो, अशी ही श्रद्धा. स्त्रीवर तिने टाकलेला भार अन्यायाचा आहे, आणि करुत्तम्माच्या शोकांतिकेचे मूळ त्यातच आहे. परंतु या श्रद्धेने आणखी एक काम केले : समुद्राच्या कोपाला कारण दिले. कोप अनाकलनीय राहिला नाही. त्याचे मूळ किनाऱ्यावरच्याच कुणाच्या तरी आचरणात सापडत होते, आणि म्हणून तो टाळताही येईल असे वाटत होते. आजच्या किनाऱ्यावर नेमकी हीच व्यवस्था मोडली आहे. वाढणाऱ्या पाण्यामागे तेथील कुणा स्त्रीचा, कुणा नावाड्याचा प्रमाद नाही. कोळसा व तेल जाळणारे हात दूर आहेत आणि पाणी पोचते ते भलत्याच घरात. पाप आणि प्रायश्चित्त यांची ही फारकत कडलम्माच्या कथेत बसत नाही. आज 'चेम्मीन' वाचताना जी अस्वस्थता जाणवते तिचा उगम येथे आहे. त्या किनाऱ्याला शिक्षेचे कारण ठाऊक होते. आजच्या किनाऱ्यावर शिक्षा आहे, कारण मात्र परके आहे.

अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (2004) या इंग्रजी कादंबरीत हा प्रश्न निराळ्या बाजूने येतो. सुंदरबनातील माणसे तेथे अनादी काळापासून नाहीत. सर डॅनियल हॅमिल्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गोसाबा परिसरात वसवलेली वसाहत आणि 1979 साली मरिचझापी बेटावरून बळाने हुसकावले गेलेले निर्वासित हे या कादंबरीचे ऐतिहासिक आधार आहेत. पूर्व बंगालमधून उखडलेल्या आणि दंडकारण्याच्या कोरड्या मुलखात न रुजलेल्या माणसांनी भरती-ओहोटीचा चिखल निवडला. त्यांच्यापुरते 'राहणे' म्हणजे हक्काची मागणी होती. कुसुमच्या व्यक्तिरेखेला जे तेज आहे ते या मागणीमुळे. एकदा विस्थापित झालेल्या माणसाला पुन्हा 'हला' असे सांगणाऱ्याने त्याला कुठे जायचे तेही सांगायला हवे, हा या कादंबरीतून उमटणारा विचार वादळाच्या वर्णनाहून अधिक टिकाऊ आहे.

मात्र घोष यांच्या कलाकृतीतही एक दुबळी जागा आहे. फकीर हा नावाडी जवळजवळ अबोल आहे. पाण्याशी असलेले त्याचे नाते इतरांच्या कौतुकातून वाचकापर्यंत येते. याउलट त्याची पत्नी मोयना परिचारिकेचे शिक्षण घेते, मुलाने शाळेत जावे म्हणून झगडते. मासळी संपत चालली आहे हे तिला कळते. कादंबरीची सहानुभूती फकीरकडे झुकते आणि समीक्षाही त्याच्यावर लुब्ध झाली. परंतु पुढचा काळ मोयनाच्या बाजूने बोलला. 25 मे 2009 च्या आयला वादळात बांध फुटले, शेतांत खारे पाणी शिरले आणि त्यानंतर सुंदरबनातील अनेक घरांतले पुरुष केरळ, तमिळनाडूकडे मजुरीला गेले. घर राहिले ते घरातले कुणीतरी निघून गेले म्हणून. 'राहणे' आणि 'जाणे' ही विरुद्ध पदे नाहीत. एकाच कुटुंबाने वाटून घेतलेली ती दोन कामे आहेत.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. कोकणातील घरे मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (1952) सारख्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने मराठीत प्रादेशिकतेची चर्चा झाली. तीत भूप्रदेश व्यक्तिरेखा कसा घडवतो याचा पुष्कळ विचार झाला. तो भूप्रदेश टिकवण्यासाठी काय खर्ची पडते याचा त्या मानाने थोडा. 3 जून 2020 च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीचे रोप लावले तर उत्पन्नाला पाच-सात वर्षे लागतात. पडलेल्या वाडीत पुन्हा रोप लावणारा माणूस केवळ ओढीने वागत नाही. आयुष्याची तेवढी वर्षे त्या जमिनीला उसनी द्यायची असा हिशेबी, धोक्याचा निर्णय तो घेत असतो.

निघून जाणेही सोपे नसते, हे ओडिशातील सातभाया गावाने दाखवले. केंद्रापाडा जिल्ह्यातील या वस्त्या समुद्राने एकेक करून गिळल्या आणि उरलेल्यांचे पुनर्वसन बागपाटिया येथे झाले. तेथील पंचुबाराही देवींची पूजा परंपरेने विवाहित स्त्रियाच करीत. पुरुषांना मूर्तीस स्पर्श वर्ज्य होता. 2018 मध्ये मूर्ती नव्या जागी नेताना मात्र त्या जड पाषाणांना पुरुषांचे हात लावावे लागले. समुद्राने जमिनीबरोबर एक मर्यादाही नेली. असे नुकसान भरपाईच्या कोणत्या रकान्यात लिहायचे, याचे उत्तर शासकीय कागदात मिळणार नाही. ते नोंदवणे हे साहित्याचे काम आहे.

केरळ शासनाच्या 'पुनर्गेहम्' योजनेत भरतीरेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला घर व जमिनीसाठी 10 लाख रुपये देण्याची तरतूद झाली. ही मदत नाकारणाऱ्याला आडमुठा म्हणण्यापूर्वी 'चेम्मीन'मधील हिशेब आठवावा : घर 10 लाखांत बांधता येईल, पण तेथून पाण्याचा रंग दिसेल काय, आणि होडी कुठे ओढून ठेवायची? ती मदत स्वीकारणाऱ्याला मुळे तुटलेला म्हणण्यापूर्वी मोयना आठवावी. कादंबरीकाराने या दोघांनाही सारखे बोलू द्यावे, आणि समीक्षकाने त्यांतल्या एकालाच खरा किनाऱ्याचा माणूस ठरवू नये. आपल्याकडील किनाऱ्याच्या वाङ्मयाचे मूल्यमापन यापुढे लाटांच्या वर्णनावर न होता या न्यायावर व्हायला हवे.