ओजे २८७ चे घड्याळ

पुष्य नक्षत्रात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या तारकागुच्छाच्या पूर्वेला सुमारे साडेतीन अंशांवर ओजे २८७ नावाची वस्तू आहे. तिची प्रत बहुधा १४ ते १५ च्या आसपास असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिची क्रांती +२० अंश आहे आणि छत्रपती संभाजीनगरचे (औरंगाबादचे) अक्षांश १९.९ अंश. म्हणजे मार्चच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमारास ती आमच्या छावणीच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर असते. दिसत नसली तरी मुलांना बोट दाखवून सांगता येईल अशी ही जागा आहे, आणि तिच्याविषयी एक गोष्टही सध्या पुष्कळ सांगितली जाते.

गोष्ट थोडक्यात अशी. साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेच्या केंद्रात १८०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती १५ कोटी सूर्यांइतके दुसरे, धाकटे कृष्णविवर फिरते. आपल्या मोजणीने त्याची एक फेरी बारा वर्षांची. प्रत्येक फेरीत ते मोठ्याच्या भोवतालची वायूची तबकडी दोनदा भेदून जाते आणि दर वेळी प्रकाशाचा उद्रेक होतो. शास्त्रज्ञांनी उद्रेकाची वेळ आधी सांगितली आणि ती तासांच्या हिशेबात खरी ठरली. इथे गोष्ट संपते आणि आइन्स्टाइनचा जयजयकार होतो.

माझी तक्रार या गोष्टीच्या शेवटाविषयी आहे. ती २०१९ साली थांबवली जाते. त्यानंतर काय झाले, आणि आधीचे काय गाळले, हे शिक्षकांना माहीत असले पाहिजे.

ओजे २८७ हा ब्लेझार आहे. काही दीर्घिकांच्या केंद्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने कणांचा झोत बाहेर पडतो. असा झोत नेमका आपल्या दिशेला रोखलेला असला की त्या वस्तूला ब्लेझार म्हणतात. नगर नाक्याकडून समोर येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळे दिपवतात, आडवा जाणारा ट्रक तसा दिपवत नाही, तसेच काहीसे. फरक असा की इथे झोताचा प्रचंड वेगच प्रकाश पुढच्या बाजूला एकवटतो आणि घटनांचा काळही आपल्यापुरता आखडून टाकतो. या कुळातल्या बीएल लॅसर्टी या वस्तूला १९२९ साली हॉफमाइस्टर यांनी चक्क रूपविकारी तारा म्हणून नोंदवले होते.

ब्लेझारचे तेज रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सर्वत्र बदलते, पण सर्वत्र एकाच तालात नाही. जुलै २००६ मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे गॅमा तेज काही मिनिटांत दुप्पट होताना पाहिले गेले. शंभर कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची त्रिज्या ३०० कोटी किलोमीटर भरते आणि तेवढे अंतर कापायला प्रकाशालाच पावणेतीन तास लागतात. (हे गणित अकरावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.) मग मिनिटांत बदल कसा, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एवढे खरे, की असे बदल बेभरवशाचे असतात. अशा बेभरवशाच्या वस्तूत घड्याळ शोधायचे, तर पुरावाही तितकाच कडक मागायला हवा.

घड्याळाची कल्पना १९८८ मध्ये सिलानपा आणि सहकाऱ्यांनी मांडली. आधार होता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनच्या छायाचित्रांतून जमवलेला तेजाचा आलेख. त्यांनी वर्तवलेला १९९४ चा उद्रेक आला. पुढे फिनलंडचे माउरी वाल्टोनेन आणि सहकाऱ्यांनी तबकडी भेदण्याचे प्रतिरूप उभे केले. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ए. गोपाकुमार आणि लंकेश्वर डे यांचे काम मोलाचे आहे. सापेक्षतेमुळे बुधाची कक्षा शंभर वर्षांत ४३ विकला फिरते. या प्रतिरूपात धाकट्या कृष्णविवराची कक्षा एका फेरीत सुमारे ३९ अंश फिरते. म्हणूनच उद्रेक अगदी ठरावीक अंतराने येत नाहीत आणि गणित एवढे अवघड होते. २००७ चे आणि २०१५ चे भाकीत जुळले. हे यश लहान नाही.

२०१९ चे भाकीत होते ३१ जुलैचे. तेव्हा सूर्य पुष्यात असतो. ज्या दिवसांतल्या पावसाला आपले शेतकरी म्हातारा पाऊस म्हणतात, ते हे दिवस. ओजे २८७ सूर्याच्या उजेडात बुडालेली, पृथ्वीवरून पाहणे अशक्य. पृथ्वीपासून खूप दूर गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीने ती अवरक्त किरणांत पाहिली आणि उद्रेक भाकिताच्या चार तासांच्या आत आला, असे २०२० मध्ये जाहीर झाले. इथे एक बारकावा गाळला जातो. दृश्य प्रकाशाचा आलेख थेट मोजलेला नव्हता; तो अवरक्त मापनांवरून काढला आणि २००७ च्या आलेखाशी ताडून पाहिला. पद्धत चूक नाही, पण साक्षीदार एकच होता.

भेदनाचा उद्रेक तापलेल्या वायूचा असेल तर त्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण कमी हवे. झोतातला उद्रेक चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असतो. त्याचे ध्रुवीकरण जास्त असू शकते आणि तो क्ष-किरणांतही उमटू शकतो. म्हणजे निवाडा एका तरंगलांबीवर होत नाही. स्टेफनी कोमोसा आणि सहकाऱ्यांनी ओजे २८७ वर रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंत वर्षानुवर्षे नजर ठेवली. २०१६-१७ आणि २०२० मध्ये मोठे उद्रेक दिसले आणि ते झोताचे निघाले. लोकप्रिय गोष्टीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. मग ऑक्टोबर २०२२ चे भाकीत आले. पृथ्वीवरून पाहणे शक्य होते, दुर्बिणी तयार होत्या. उद्रेक झाला नाही. तेज उलट उतरलेले होते. कोमोसा यांच्या गटाने मोठ्या कृष्णविवराचे वस्तुमान १० कोटी सूर्यांच्या आसपास काढले आहे. एकीकडे १८०० कोटी आणि दुसरीकडे १० कोटी!

वाल्टोनेन यांच्या बाजूचे उत्तरही सांगायला हवे. त्यांच्या मते तबकडी वाकल्याने उद्रेक लवकर, २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाला आणि तेव्हा ओजे २८७ पुन्हा सूर्याआड होती. त्याआधी फेब्रुवारीत दिसलेली एका दिवसाची झळक धाकट्या कृष्णविवराच्या झोताची, असेही ते म्हणतात. हे अशक्य नाही. परंतु चुकलेल्या वेळेनंतर केलेली दुरुस्ती आणि आधी वर्तवलेली वेळ यांचे वजन सारखे धरता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘दोन कृष्णविवरांचे पहिले छायाचित्र’ अशा मथळ्यांनी बातम्या आल्या. मूळ दावा असा, की रेडिओ प्रतिमेतला एक ठिपका धाकट्याच्या झोताचा आहे. त्या ठिपक्याची ओळख पटवली ती याच प्रतिरूपाने वर्तवलेल्या जागेवरून. वाद ज्या प्रतिरूपाविषयी आहे, त्याच्याच आधारे केलेली ही ओळख त्याचा स्वतंत्र पुरावा होत नाही.

आवर्तन दिसणे किती सोपे असते, हे वर्गात दाखवता येते. एक नाणे १२० वेळा उडवा. छापा आला तर एक मिळवा, काटा आला तर एक वजा करा. प्रत्येक वेळची चालू बेरीज आलेखावर मांडा आणि तो आलेख दुसऱ्या तुकडीला ‘ताऱ्याचे तेज’ म्हणून दाखवून आवर्तकाल विचारा. बहुधा दोन-तीन लाटा सापडतात आणि मुले आकडाही सांगतात. विल्यम प्रेस यांनी १९७८ मध्येच लिहिले होते की अशा नोंदींत डोळ्याला नोंदीच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचे आवर्तन दिसते. पीजी १५५३+११३ या ब्लेझारचे २.२ वर्षांचे गॅमा आवर्तन २०१५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हाताशी सुमारे सात वर्षांच्या नोंदी होत्या. नंतरच्या नोंदींतही ती लाट टिकली आहे, म्हणून तिला आता अधिक गांभीर्याने घेतात. ओजे २८७ ची नोंद शंभराहून अधिक वर्षांची आहे, ही तिची जमेची बाजू. पण जुने बिंदू विरळ आहेत. नाण्याच्या आलेखातले निम्मे बिंदू खोडून तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहा.