धने, कारलं आणि एक पाइंट

मराठीत पिणाऱ्यासाठी ढीगभर शब्द आहेत. बेवडा, दारुडा, पेताड, तर्र, टल्ली. तो काय पितो, ते कसं लागतं यासाठी मात्र 'कडू' आणि 'कडक' यांपुढे आपण फारसे जात नाही. आमच्या घरात तर हा विषय धाकट्या काकाच्या नावापाशी येऊन थांबतो. देशी दारूने गेला तो, बेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे नोकरी लागल्यावर पुण्यातल्या एका ब्रूअरीत पहिल्यांदा गेलो आणि मेन्यूवर 'सिट्रस', 'पाइन', 'बिस्किटी' वगैरे वाचलं, तेव्हा आधी हसू आलं आणि मग थोडा राग. पाइनचा वास म्हणजे माझ्यासाठी फरशी पुसायचं फिनेल.

तरी गेली चार वर्षं मी जातोय. पुण्यात असून न जाणं तसं अवघडच. देशातली पहिली मायक्रोब्रूअरी समजली जाणारी 'डूलाली' २००९ साली इथेच सुरू झाली. नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून गोऱ्या सैनिकांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे भ्रमिष्ट.

नव्या ब्रूअरीत गेलात तर सगळ्या बिअरचे छोटे ग्लास असलेला ट्रे मागवा आणि सुरुवात सगळ्यात साध्या ग्लासापासून करा. म्हणजे बहुतेक वेळा हेफेवाइझन, ती गव्हाची गढूळ जर्मन बिअर. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग. हे सगळं यीस्टचं काम. आंबवण्याचं तापमान बदललं की या दोन वासांचा तोल बदलतो. म्हणजे हा ग्लास ब्रूअरचा खरा लॉग आहे, टाकीपाशी कोणाचं किती लक्ष होतं ते त्यात दिसतं. केळं अंगावर आलं, बबलगमसारखं वाटलं, तर बाकीच्या ट्रेकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. शिवाय ही बिअर ताजीच चांगली लागते, बाटलीत भरून दूर पाठवली की तिचा नूर उतरतो. घराजवळच्या ब्रूअरीत जाण्याचं माझ्या मते हे एकच पटणारं कारण आहे. इंटिरिअर आणि गिटारवाला नव्हे.

बेल्जियन विट मला सगळ्यात आपली वाटते. तिच्यात संत्र्याची साल असते आणि धने. चक्क धने! आईच्या मसाल्याच्या डब्यातले. मेन्यू मात्र त्यांना 'कोरिअँडर सीड' म्हणतो, आणि टेबलावरचे आम्ही पाचही मराठी लोक तसंच म्हणतो.

इंडिया पेल एलबद्दल लोक उगाच अभिमान बाळगतात. त्यातला 'इंडिया' हा फक्त पत्ता आहे, माल जायचा ते ठिकाण. बिअर विलायतेत बनायची, हॉप्सही तिकडचेच. आजही आपल्या ब्रूअऱ्या हॉप्स बहुतेक बाहेरूनच मागवतात. पण तिच्या कडूपणाला आपण घाबरायचं कारण नाही. कारलं खाणारी माणसं आपण. चिंच-गूळ घातलेल्या कारल्याच्या भाजीत कडू लपत नाही, त्याला फक्त सोबत मिळते. चांगल्या आयपीएत माल्टचा गोडवा हेच गुळाचं काम करतो. वाईट आयपीए म्हणजे काडेचिराइताचा काढा, आणि तो शहरात महाग दराने भरपूर विकला जातो.

मँगो बिअर सोडा. साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे आंब्याची आंबट आठवण उरते. मग आंबा 'दिसावा' म्हणून नंतर रस ओततात. एका ठिकाणी मला सरळ फ्रूटी प्यायल्यासारखं वाटलं. कोकम घातलेली आंबट-खारट बिअर त्यापेक्षा कितीतरी बरी. कोकमात मुळात आंबटपणाच असतो, तो आंबवूनही टिकतो.

राहिला स्टाउट. काळा, चॉकलेट-कॉफीसारखा, पण त्यात बहुतेक वेळा कॉफी नसते, काळं होईपर्यंत भाजलेलं सातू असतं. गेल्या दिवाळीत बाबा पुण्यात आले असताना मी एक बाटली घरी आणून फ्रिजमध्ये लपवली होती. त्यांना ती सापडली. ओरडले नाहीत. "काय असतं रे त्यात?" एवढंच विचारलं. मी यीस्ट, माल्ट, रोस्ट असं काहीतरी सांगू लागलो. त्यांनी मी ओतलेला ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "करपलेल्या भाकरीचा वास आहे." मग ग्लास ओट्यावर ठेवला आणि न पिता बाहेर जाऊन बसले.

मी तो संपवला. भाकरीचाच वास होता.