तृतीयपंथीयांचे आरोग्य : कायद्याच्या भाषेची चिकित्सा

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी २०१९ साली संमत झालेल्या अधिनियमाचे पंधरावे कलम आरोग्यसेवेविषयी होते. त्यातील तरतुदींचा क्रमच बोलका आहे. अग्रस्थान एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रांना. त्यानंतर लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व समुपदेशन. रुग्णालयातील सुलभ प्रवेशाचा उल्लेख शेवटून दुसरा.

हा क्रम आकस्मिक नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमात या समूहाची गणना ‘अतिजोखमीच्या गटा’त झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालातही एचआयव्ही केंद्रांचा निर्देश रुग्णालयीन सेवेच्या आधी येतो. परिणामी केवळ ताप आलेला वा हाड मोडलेला रुग्ण या मजकुरात दिसतच नाही. त्याला खाट पुरुषांच्या कक्षात द्यावी की स्त्रियांच्या, हा साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या व्यक्तीबाबत तो अधिकच बिकट होतो.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे उपरोक्त निकालाने अनैतिक व बेकायदेशीर ठरविले. अधिनियमाच्या सातव्या कलमाने मात्र स्त्री वा पुरुष अशी नोंद मिळविण्यासाठी शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. त्यामुळे उपचार हा पुरावा ठरला आणि डॉक्टर साक्षीदार.

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरविचाराची तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु रुग्णाला आजार किंवा शस्त्रक्रिया यांपलीकडे पाहण्याची दृष्टी केवळ कलमातून येत नाही. ती वर्गात घडवावी लागते.