संज्ञापन पदवीचे अभ्यासक्रम-नियोजन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाने २००० साली ‘बी.एम.एम.’ हा संज्ञापनाचा तीन वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या शेवटच्या वर्षी जाहिरात आणि पत्रकारिता अशा दोन शाखा होत्या. जाहिरात संस्था, वाहिन्या व वृत्तपत्रे यांनी गजबजलेल्या महानगरात या विभागणीला आधार होता. असा आराखडा जिल्हा पातळीवरील महाविद्यालयाने स्वीकारताना कोणता विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी वाशीम जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. सोयाबीन हे येथील प्रमुख पीक असून केंद्र शासनाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचा समावेश केला.

आराखडा आणि क्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना दुसऱ्या वर्षापासून स्थान आहे. कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस येतात. आराखड्याचा हेतू स्तुत्य आहे. तथापि संज्ञापनासारख्या विषयात हाच क्रम जसाच्या तसा पाळला, तर विद्यार्थी पहिले वर्ष संज्ञापनाच्या व्याख्या व प्रतिमाने पाठ करण्यात घालवतो. याच आराखड्यात एक वर्षानंतर, ४ जादा श्रेयांक पूर्ण करून, प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची मुभा आहे. आर्थिक अडचणीमुळे ही मुभा घेणाऱ्या विद्यार्थ्याला बातमी मिळवता आणि पडताळता येत नसेल, तर त्या प्रमाणपत्राचे मोल काय? पहिल्या वर्षी व्यावसायिक कौशल्य व कौशल्यवृद्धी या गटांचे श्रेयांक उपलब्ध असतात. ते केवळ संगणक-प्रणालींवर खर्च न करता ग्रामसभा, बाजार समितीतील आवक व दर, पीकविमा यांच्या वार्तांकनासाठी राखावेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले, तर २ श्रेयांकांत ६० तासांचे प्रत्यक्ष काम होते.

विषयज्ञानाचा प्रश्न

युनेस्कोने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रकारिता शिक्षणाच्या आदर्श अभ्यासक्रमात व्यावसायिक सराव, पत्रकारितेचा सामाजिक अभ्यास आणि कला-विज्ञान विषयांचे ज्ञान असे तीन अक्ष मानले आहेत. आपल्याकडील नियोजनात तिसरा अक्ष सर्वांत दुर्बळ राहतो. १ जुलै २००६ रोजी घोषित झालेल्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील सहा जिल्हे होते. वाशीम त्यांपैकी एक. त्या काळातील शेतीसंकट देशासमोर ठेवण्यात ‘द हिंदू’मधील पी. साईनाथ यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. अशा लेखनामागे पीककर्ज, हमीभाव आणि सरकारी आकडेवारी वाचण्याची क्षमता असते. म्हणूनच दुय्यम विषयाची निवड वेळापत्रकाच्या सोयीवर सोडणे योग्य नाही. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र हा दुय्यम विषय या पदवीचा कणा ठरू शकतो.

भाषेचा प्रश्न

जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडी, बंजारा आणि उर्दू बोलली जाते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याची बोली अभ्यासक्रमात केवळ ‘अशुद्ध’ म्हणून येत असेल, तर ज्या समाजापर्यंत तो सहज पोहोचू शकतो, त्याच्याशीच त्याचा संवाद तुटतो. मुलाखत बोलीत घेणे, तिचे प्रमाण मराठीत लेखन करणे आणि अर्थ बदलला नाही ना हे मुलाखत देणाऱ्याकडून पडताळणे, हा क्षमतावृद्धी गटातील भाषा-अभ्यासक्रमाचा भाग व्हावयास हवा.

कार्यप्रशिक्षण आणि नीती

तालुका पातळीवर वार्ताहरास बातमीबरोबर जाहिरातीही मिळवाव्या लागतात, ही बाब सर्वश्रुत आहे. वर्गात भारतीय वृत्तपत्र परिषदेचा २०१० चा ‘पेड न्यूज’विषयक अहवाल शिकवावयाचा आणि प्रशिक्षणार्थीस जाहिरातींच्या मागे पाठवावयाचे, ही विसंगती आहे. म्हणून कार्यप्रशिक्षणाच्या करारात जाहिरात-संकलन वगळल्याची स्पष्ट अट असावी. तसेच जिल्हा माहिती कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, आकाशवाणी अशी पर्यायी स्थळे निश्चित करावीत.

निष्कर्ष

स्थानिक आशयामुळे विद्यार्थी जिल्ह्यापुरताच राहील, असा आक्षेप घेतला जातो. पदवीधर पुण्या-मुंबईकडे जाणारच, हे त्यामागील गृहीतक अवास्तव नाही. परंतु स्थानिक हे येथे सरावाचे साहित्य आहे, ज्ञानाची सीमा नव्हे. बाजार समितीचा दरफलक आणि शेतकऱ्याच्या हातातील पावती यांतील तफावत शोधण्यास शिकलेला विद्यार्थी कंपनीचा ताळेबंदही त्याच दृष्टीने वाचू लागेल. याउलट, महानगरी अभ्यासक्रमाची नक्कल करताना साधने, बाजारपेठ आणि अनुभव या तिन्ही बाबतींत जिल्ह्यातील महाविद्यालय उणेच पडते. प्रकरणांची यादी अद्ययावत करणे म्हणजे नियोजन नव्हे. विद्यार्थी कोणत्या सत्राअखेर स्वबळावर काय करू शकेल, हे आधी ठरवून श्रेयांकांची मांडणी करणे, हेच अभ्यास मंडळांपुढील खरे कार्य आहे.