‘पतित’ कोण, ‘मुक्ती’ कशापासून? : पंडिता रमाबाईंच्या साक्षीचे एक वाचन

पंडिता रमाबाईंवर मराठीत जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो : त्यांनी धर्म का बदलला? त्यांच्या काळातल्या ‘केसरी’ने हा प्रश्न रागाने विचारला, सुधारकांनी खंतावून विचारला आणि चरित्रकारांनी बहुधा सहानुभूतीने विचारला. उत्तरे वेगवेगळी आली. पण ज्या ठिकाणी खुद्द रमाबाई या प्रश्नाचे उत्तर देतात, तिथे आपण फारसे थांबलो नाही. ते ठिकाण चर्च नाही, ग्रंथ नाही, कुणा विद्वानाशी झालेला वादही नाही. लंडनच्या फुलहॅम भागातले, वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले ते एक आश्रयगृह आहे. रमाबाईंचे आत्मनिवेदन या घराच्या दारातून आत शिरून वाचले, तर काय दिसते, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या अनुभवाची हकीकत त्यांनी लिहिली ती मात्र १९०७ मध्ये, ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर’ या छोट्या इंग्रजी पुस्तकात. घटना आणि लेखन यांत २४ वर्षांचे अंतर आहे. या काळात शारदासदन निघाले, वादात सापडले, केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. शिवाय ‘साक्ष’ हा ख्रिस्ती लेखनप्रकार ठरलेल्या साच्याचा असतो. आधीचा अंधार, मग प्रकाश, मग नवे जीवन. त्यामुळे या पुस्तकातले प्रत्येक विधान १८८३ च्या मनःस्थितीचा दस्तऐवज म्हणून वाचता येणार नाही. १९०७ ची, दीड-दोन हजार बायका-मुलींचा संसार सांभाळलेली बाई आपल्या कामाचा उगम कुठे शोधते, याचा तो दस्तऐवज आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे.

फुलहॅमच्या भेटीचे वर्णन अगदी थोडक्यात येते. तरी त्यातल्या तीन गोष्टी बारकाईने पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट शब्दाची. त्या काळच्या इंग्रजी मिशनरी लेखनात ‘पतित स्त्रिया’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. रमाबाई तोच वापरतात, पण त्याच्या आधी ‘तथाकथित’ या अर्थाचे विशेषण लावतात. हे विशेषण सहज पडलेले नाही. धर्मशास्त्रात ‘पतित’ म्हणजे महापातकामुळे जातीबाहेर गेलेला, ज्याच्याशी अन्नपाण्याचा व्यवहार नाही असा माणूस. धर्मांतर केलेल्या रमाबाई सनातन्यांच्या लेखी स्वतःच पतित होत्या. मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतल्यावरून पुण्यात रानडे-टिळकांवर ग्रामण्य आले, तो हा काळ. तेव्हा ‘पतित’ ठरवणारे कोण आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्यांच्यासाठी घरचाच होता.

दुसरी गोष्ट शास्त्राची. व्यभिचारिणीला राजाने कुत्र्यांकरवी खाववावे, अशी शास्त्राज्ञा त्या सांगतात आणि ती सगळ्या ‘पतित’ स्त्रियांना लागू करतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही शिक्षा खरोखरच आहे. पण ती पतीला डावलणाऱ्या, माहेरच्या किंवा स्वतःच्या गुणांच्या अभिमानाने मातलेल्या पत्नीसाठी आहे, वेश्येसाठी नाही. वेश्येबद्दल प्राचीन राजनीती वेगळाच विचार करत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष हा अधिकारी आहे, गणिकांच्या उत्पन्नाचा हिशेब आहे. म्हणजे पत्नीच्या स्खलनाला देहदंड आणि गणिकेच्या व्यवसायावर कर, अशी ही विभागणी होती. शेकडो श्लोक मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना हा फरक कळत नसेल, हे संभवत नाही. त्यांनी तो पुसला, असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. त्यांच्या काळच्या महाराष्ट्रात फसवली गेलेली विधवा, टाकलेली बायको आणि कोठ्यावर पोचलेली स्त्री या तीन वेगळ्या बायका नव्हत्या. एकीच बाईच्या वाटेतले ते तीन मुक्काम होते. शास्त्रार्थ म्हणून रमाबाईंचे विधान सैल आहे, समाजाचे निदान म्हणून ते अचूक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फुलहॅममध्ये त्यांना भावल्या त्या दया करणाऱ्या भगिनी, एवढेच आपण गृहीत धरतो. पण रमाबाईंचा भर त्या घरातून बाहेर पडून आता स्वतः आजारी आणि दुबळ्या माणसांची सेवा करणाऱ्या स्त्रियांवर आहे. ज्यांच्यावर उपकार झाले त्या नव्हेत, ज्या आता देणाऱ्या झाल्या त्या त्यांच्या लक्षात राहिल्या. यामागचे कारण विचारल्यावर शिकवणाऱ्या भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. या कथेतल्या स्त्रीचे पाच नवरे होऊन गेलेले आहेत आणि आताचा पुरुष तिचा नवरा नाही. टीकाकारांनी तिला पुढे वेश्याच ठरवले, मूळ कथा मात्र तसे म्हणत नाही. विहिरीवर येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि खऱ्या उपासनेचे स्वरूप काय, ती या डोंगरावर करायची की यरुशलेमात, या विषयावर तिच्याशी बोलतो. म्हणजे जिला गावाने टाकले, तिच्याशी तत्त्वज्ञानाची चर्चा होते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल पंडितांचा रोष सोसावा लागला होता. स्त्रीला ज्ञानाचा अधिकार नाही, हे वाक्य रमाबाई जन्मापासून ऐकत आल्या. त्यांना या कथेत क्षमेइतकाच, कदाचित क्षमेहूनही अधिक, अधिकार दिसला असणार.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. आपल्या देशात अशा स्त्रियांबद्दल कुणी दयेने बोललेले आपण ऐकले नव्हते, असे रमाबाई म्हणतात. थेरीगाथेत अंबपालीचे बोल आहेत, आणि महाराष्ट्राने तर मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा हिला संतांच्या पंक्तीत बसवले. ‘पतितपावन’ हे विठ्ठलाचे विशेषण वारकऱ्याच्या जिभेवर असते. मग रमाबाईंचे म्हणणे अन्यायाचे नाही का? काही अंशी आहे. पण कान्होपात्रेची कथा नीट आठवावी. बादशहाचे शिपाई तिला न्यायला येतात, ती पांडुरंगाचा धावा करते आणि त्याच्या पायांशी देह ठेवते. राउळाच्या आवारात तिचे तरटीचे झाड दाखवतात. देवाने तिला स्वीकारले, पण ती मेल्यावर. जिवंत कान्होपात्रेला पंढरपुरात राहायला खोली, पोटाला काम आणि शिपायांना अडवणारे दार कुणी दिले नाही. मोक्षाची सोय होती, मुक्कामाची नव्हती. रमाबाईंना फुलहॅममध्ये नवे दिसले ते हे दुसरे.

आणि ही सोय ख्रिस्ती धर्माशिवाय होऊच शकत नव्हती, असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे. ना प्रायश्चित्त, ना धर्मांतर. त्याच घरातल्या एका मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. रमाबाईंच्या धर्मांतरानंतर ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेणारे जोतीराव होते, हा योगायोग नव्हे.

रमाबाईंच्या लेखनातली वाढ या पार्श्वभूमीवर पाहावी. १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात त्यांची नायिका नावाप्रमाणेच उच्चवर्णीय विधवा आहे. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात हललेले शारदासदन तिच्यासाठीच होते. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या कारणावरून रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन परतल्या. दुष्काळी छावण्यांत तरुण बायकांचे काय होते, देखरेखीला नेमलेले पुरुषच कसे भक्षक होतात आणि दलाल कसे टपलेले असतात, हे त्यांनी उघडपणे लिहिले. पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविषयी १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरने ते खोटे आणि दिशाभूल करणारे ठरवले. एरवी सरकारधार्जिणेपणाचा आरोप होणाऱ्या बाईचे हे लेखन आहे, हे ध्यानात ठेवावे. या लेखनात जात मागे पडते. भूक, छावणी, दलाल, पहारेकरी असे शब्द पुढे येतात. स्त्री ‘पडते’ असे न म्हणता तिला कोण, कुठे, कशाच्या बदल्यात पाडतो, हे त्या सांगू लागतात.

मराठीतल्या आधीच्या ख्रिस्ती कथनाशी तुलना केली की हा बदल ठळक होतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांच्या दुःखाची उदाहरणे एकामागून एक येतात आणि नायिकेचा प्रश्न ख्रिस्ती होऊन केलेल्या पुनर्विवाहात सुटतो. दुसऱ्या पुरुषाच्या घराखेरीज तिथे स्त्रीला ठिकाणा नाही. रमाबाईंच्या केडगावात विवाह हा एक मार्ग होता, एकमेव नव्हे. शेती, विणकाम, घाणा, छापखाना अशी कामे बायका करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे जुळवणारे हातही त्यांचेच.

तरीही मुक्तिसदनाचे कौतुक करून थांबणे ही टीका होणार नाही. वेश्यावस्तीतून किंवा तशा आयुष्यातून आलेल्या स्त्रियांसाठी तिथे ‘कृपासदन’ हे वेगळे घर होते. त्यांना इतरांपासून दूर ठेवण्यात सोय असेल, पण त्यात ‘पतित’ या शब्दाची सावलीही आहे. खुद्द रमाबाईंच्या लेखणीने ज्या शब्दाला ‘तथाकथित’ म्हटले, त्याला त्यांच्याच वास्तूत भिंत मिळाली. नावांतला फरकही बोलका आहे. एका घराला मुक्ती, दुसऱ्याला कृपा. कृपा वरून खाली येते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कृपासदनातल्या स्त्रिया बोलतात त्या बहुधा साक्षीच्याच साच्यात : पाप, पश्चात्ताप, प्रभू. तिथे यायच्या आधी त्यांनी काय हिशेब केला, काय सोडले, कुणाची आठवण येत राहिली, हे त्या साच्यात मावत नाही. फुलहॅमसारख्या इंग्लंडमधल्या गृहांतही सुटकेची किंमत शिस्त, धुणे-शिवण आणि प्रार्थना यांतच मोजली जाई. दार बाहेरच्यांना अडवते तसे आतल्यांनाही अडवते, हा प्रश्न रमाबाईंनी पुरेसा विचारला नाही.

तो प्रश्न आता त्याच स्त्रिया विचारत आहेत. सांगलीत १९९६ मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी आपली संघटना बांधली, तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. छापे घालून ‘सुटका’ करणाऱ्यांना त्यांचा विरोध आहे. प्रौढ स्त्रियांना इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबले जाते का, हे तपासण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये दिले. केडगावची मुक्ती वेश्याव्यवसायापासून होती, सांगलीची मुक्ती वेश्येवरच्या अन्यायापासून आहे. या दोन अर्थांत विरोध आहे आणि तो मिटवण्याची घाई करू नये. फसवून, विकून आणलेल्या मुलीला आजही आधी रमाबाईंचे दार लागते. पण दारातून आत आलेली बाई पुढे काय म्हणते, हे ऐकायची तयारी त्या दाराला हवी. ही तयारी रमाबाईंच्या संस्थेपेक्षा त्यांच्या वाक्यात जास्त दिसते. १९०७ साली, बायबलावर अढळ श्रद्धा असताना, ‘पतित’च्या आधी एक संशयी विशेषण ठेवण्याइतकी सावध अशी ती लेखणी होती. मराठी समीक्षेने रमाबाईंच्या धर्मांतराचा निवाडा पुरेसा केला. आता त्या एका विशेषणाचा विचार करावा.