शार्लट लुकसची खोली : 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे पुनर्वाचन

जेन ऑस्टेन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या लेखिकेची कृती एवढाच उल्लेख होता. हस्तलिखिताचे सर्व हक्क लेखिकेने ११० पौंडांना विकले होते. तिला १५० पौंड हवे होते. दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही या कादंबरीचे वाचक कमी झालेले नाहीत. १९९५ साली बीबीसीने तिच्यावर मालिका केली, २००४ मध्ये गुरिंदर चढ्ढा यांनी ही कथा अमृतसरला आणली आणि २००५ मध्ये पुन्हा एक इंग्रजी चित्रपट निघाला.

या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः डार्सी आणि एलिझाबेथ या जोडीला दिले जाते. गर्विष्ठ धनिक नायक, हजरजबाबी नायिका, गैरसमज आणि शेवटी मनोमीलन. परंतु अशा कथा त्या काळीही ढिगाने लिहिल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. तेव्हा या कादंबरीच्या टिकाऊपणाचे कारण अन्यत्र शोधावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते शार्लट लुकस या दुय्यम पात्रापाशी सापडते.

कादंबरीतील पैशाचा हिशोब प्रथम लक्षात घ्यावा. बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड. पण मिळकत पुरुष वारसाकडेच जाईल अशी कायदेशीर अट असल्याने पाच मुलींच्या वाट्याला जवळजवळ काहीच येणार नाही. वारस आहे कॉलिन्स नावाचा धर्मोपदेशक, बोलघेवडा आणि खुशामतखोर. तो एलिझाबेथला मागणी घालतो. ती नकार देते. तीन दिवसांच्या आत तो तिच्या मैत्रिणीला, शार्लटला मागणी घालतो आणि ती होकार देते. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे, रूपाने सामान्य आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मध्यमवर्गीय अविवाहित स्त्रीला मानाने जगण्याचे मार्ग थोडेच होते आणि विवाहित स्त्रीची स्वतंत्र मालमत्ता कायद्याने मान्य होण्यास १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

लग्न ठरल्याची वार्ता कळताच लुकस कुटुंबात काय होते, ते लेखिकेने चार-सहा वाक्यांत टिपले आहे. आई बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागते. धाकट्या बहिणींना आपण आता लवकर समाजात मिरवू याचा आनंद होतो. भावांची, ही जन्मभर बिनलग्नाची राहील ही धास्ती मिटते. आपल्याकडे थोरल्या मुलीचे स्थळ पक्के झाल्यावर घराघरांत हेच बोलले जाते; हा प्रसंग वाचताना आपला वाचक हमखास ओळखीचे हसतो.

एलिझाबेथला मैत्रिणीचा निर्णय लाजिरवाणा वाटतो. लेखिका मात्र शार्लटला शिक्षा करीत नाही आणि तिचे कौतुकही करीत नाही. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी जाते तेव्हा तिला एक कोडे पडते. शार्लटने बसण्यासाठी मागच्या बाजूची खोली का निवडली असावी? समोरची खोली मोठी आणि प्रसन्न आहे. मग तिच्या ध्यानात येते की समोरच्या खोलीत बसले असते तर कॉलिन्सची ये-जा वाढली असती. नवऱ्याला बागकामाची गोडी लागावी म्हणूनही शार्लट झटते. बागेत असला म्हणजे तो घरात नसतो. एका खोलीच्या निवडीतून सारा संसार दाखवणारे हे लेखन वाचल्यावर डार्सीच्या पेंबर्ली या प्रशस्त वाड्याचे वर्णन मला काहीसे सोयीस्कर वाटते. घराण्याची जुनी कारभारीण मालकाची स्तुती करते आणि नायिकेचे मन पालटू लागते. तेथे लेखिकेचा हात थोडा सैल पडला आहे.

शार्लटविषयीच्या या समजुतीला एक चरित्रात्मक संदर्भ आहे. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या सधन घरातील तरुणाने जेन ऑस्टेन यांना मागणी घातली. त्यांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोनच आठवडे उरले होते. १८०५ मध्ये वडील वारल्यावर आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर जगू लागल्या. १८०९ मध्ये एका भावाने चॉटन येथे घर दिले, तेव्हा त्यांना स्थैर्य लाभले. कथा आणि चरित्र यांची सरळ सांगड घालणे धोक्याचे असते, हे मान्य. तरीही नकाराची किंमत पुरती ठाऊक असलेल्या हातानेच होकार देणारी शार्लट लिहिली आहे, एवढे म्हणता येईल.

एलिझाबेथचे दोन नकार म्हणूनच वजनदार ठरतात. नकार दिला नाही तर काय होते, हे शार्लटच्या रूपाने शेजारीच उभे आहे. उत्पन्न आणि प्रेम यांची वजाबाकी करणाऱ्या आजच्या वाचक मुलीला डार्सी भेटण्याची शक्यता कमी. कॉलिन्स मात्र तिने पाहिलेला असतो.

मैत्रिणीचा निरोप घेताना एलिझाबेथला तिची कीव येते. मात्र शार्लट कीव मागत नाही, हेही तिला दिसते. घर, कोंबड्या, नवऱ्याच्या धर्मक्षेत्रातील कामे यांतली तिची गोडी अजून ओसरलेली नाही, असे लेखिका सांगते. त्या 'अजून'पाशी वाचक थबकतो, आणि लेखिका पुढच्या प्रसंगाकडे निघून जाते.